जर्दाळूचा कोट

टोपवालीने मांजरीचा पुढचा पाय कोटाच्या बाहीत घातला, तोवर मागचा बाहेर निघाला.

"थांब गं बाई, गिऱ्हाइकं यायची वेळ झाली," असं पुटपुटत तिने पोटाखालचं शेवटचं बटण लावलं.

कोट तिनेच शिवला होता, टोपांच्या उरल्यासुरल्या केसांचा. केसांचे टोप विकणाऱ्या दुकानात टकली मांजर म्हणजे दातांच्या डॉक्टरचंच तोंड बोळकं असावं तशी गत. कोट घातला की येणारी-जाणारी कौतुक करत. जात कुठली विचारत. "परदेशी," एवढं सांगून ती मोकळी होई.

मांजर लेकीने आणलेली. रंग जर्दाळूचा, अंगावर जर्दाळूच्या सालीवर असते तेवढीच लव, म्हणून नावही जर्दाळू. पंख्यासारखे कान, कपाळावर म्हाताऱ्या आजोबांच्या आठ्या, आणि स्वभाव असा की परका माणूस दिसला की आधी त्याची मांडी शोधायची. दूरच्या एका थंड देशात साध्या घरमांजरीच्या पोटी असं एक बिनकेसाचं पिल्लू जन्मलं, तशाच पिल्लांपासून लोकांनी ही जात वाढवली, असं लेक सांगायची.

"ते आजारी नव्हतं, आई. तसंच होतं."

"हं," म्हणून आई सुई उचलायची.

लेकीचे केस दोन वर्षांपूर्वी गळू लागले. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर. आईने ते एकूण एक वेचले. गळलेल्या केसांत मूळ कुठलं आणि टोक कुठलं हे डोळ्यांना कळत नाही, आणि उलटा लागला तर टोपाचा गुंता होतो. चिमटीत चोळला की केस मुळाच्या बाजूला सरकतो. तसा एकेक चोळून, एकेक टोपाच्या जाळीला गाठ मारून बांधत तिने सात महिन्यांत टोप पुरा केला. उद्या लेकीचा वाचनालयातल्या नोकरीचा पहिला दिवस होता.

नणंद आली ती डोक्यावरचा रुमाल न सोडता खुर्चीत बसली. नोकरी तिच्याच ओळखीने मिळालेली.

"झाला का गं टोप?"

टोपवालीने लाकडी डोक्यावर चढवलेल्या टोपाकडे बोट दाखवलं.

"बघ बाई, हातात जादू आहे तुझ्या. अगदी तिचेच."

"तिचेच आहेत, वन्सं."

लेक आतून आली. डोकं उघडं, तुळतुळीत. टोपाकडे तिने पाहिलं आणि आईच्या बोटांकडे पाहिलं. सुईने टोचून टोचून ती खरबरीत झाली होती.

"सुंदर झालाय," ती म्हणाली. "पण मी घालणार नाही."

"मी तिथे शब्द टाकलाय," आत्या म्हणाली.

"पुस्तकं द्यायला ना, आत्या? केस द्यायला नाही."

"लोक विचारतील."

"सांगेन, गळले म्हणून."

"जीभ नाही गळली तेवढी. अगं, निदान पहिला दिवस तरी!"

तेवढ्यात जर्दाळूने अंग घुसळून घुसळून कोटातून सुटका करून घेतली आणि थेट आत्याच्या मांडीवर उडी मारली.

"अगं, ताप आहे हिला!"

"नाही. ती अशीच गरम असते," लेक म्हणाली.

आत्याने ढकलायला उचललेला हात मांजरीच्या पाठीवर टेकला आणि तिथेच राहिला. जर्दाळू तिच्या खांद्यावर चढली, कानाशी डोकं घासू लागली, आणि रुमाल घसरला. आत्याचा भांग दोन बोटं रुंद झालेला, त्यातून टाळू दिसत होती. लेकीने चटकन खिडकीबाहेर पाहिलं. आत्या रुमाल शोधत होती, पण मांजर त्याच्यावरच बसली होती.

टोपवालीच्या हातात आधी मापाची फीत आली, मग आवाज फुटला.

"मान सरळ ठेवा, वन्सं."

तिने माप घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मग लेकीकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

"तो टोप तुम्ही घ्या ना, आत्या," लेक म्हणाली. "केस घरचेच आहेत."

आत्याने मांजरीखालून रुमाल ओढून पुन्हा डोक्याला बांधला.

"संध्याकाळी येते," ती हळू म्हणाली. "गर्दी नसताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पायरीवर बसून बुटांची नाडी बांधत होती. आईने मांजरीला उन्हासाठी लावायच्या मलमाची डबी उघडली, बोटभर मलम लेकीच्या डोक्यावर चोळलं, कानांमागेही. लेक ताठ मानेने रस्त्याला लागली.

जर्दाळू काचेमागच्या उन्हात पसरली होती. कोट खुंटीला होता. नेहमीचं गिऱ्हाईक दारातच थबकलं.

"ती केसाळ मांजर कुठे गेली?"

"हीच ती."

"मग केस?"

टोपवाली रस्त्याकडे पाहत होती. वळणापाशी ते डोकं उन्हात चमकलं आणि दिसेनासं झालं.

"ते मी लावले होते," ती म्हणाली. "तिने कधी मागितले नव्हते."