उसने आजारी

नारीनच्या डोंगरातल्या त्या गावात डॉक्टर उमुतकान दर पाचव्या घरात जाऊन तापाची पाहणी करत होत्या. जनावरांच्या कच्च्या दुधातून येणारा तो ताप वर्षभरात किती जणांना जडतो, हे त्यांना काढायचं होतं. तुर्दूचं घर पाचवं निघालं आणि म्हातारा गांगरला. बायको गेल्यापासून घरात एकटा, आणि तोही ठणठणीत. राजधानीतून आलेल्या पाहुणीपुढे ठेवायचं काय? एरवी पाहुणा आला की शेजारी गालिचा उसना देत, मेंढी देत. या वेळी त्यांनी आजारी दिले.

डॉक्टर आत आल्या तर सहा जण ओळीने कण्हत पडलेले.

"तुर्दूआके, हे सगळे तुमच्या घरचे?" वडीलधाऱ्याला लावायचं 'आके' लावून डॉक्टरांनी विचारलं.

"हो तर."

"आणि या बाई? काल या पलीकडच्या जुमाशच्या घरी पडल्या होत्या."

"रोज एकाच घरी पडून कंटाळा येतो हो," पांघरुणातून जुमाशची बायको म्हणाली.

"अहो, एकेक आजारी असा घरोघर फिरला तर माझ्या हिशेबात अख्खा जिल्हा फणफणेल! उठा, चला घरी!"

घर रिकामं झालं. तुर्दूने चहा ओतला.

"घरचं आजारी माणूस होतं हो माझ्याकडे. बायको, बुरुलकान. राहिली नाही. तिला हिशेबात धरा ना."

"धरते की. या वर्षीच ना? ताप कधी आला?"

"एप्रिलात. गेली सप्टेंबरात."

"मग एप्रिलपर्यंत धरते. नवे किती जण आजारी पडतात ते आम्ही काढतो. माणूस निरोगी असतो तेवढेच महिने मोजतो; ताप आला की त्याचे पुढचे मोजत नाही."

तुर्दू भडकला. "पुढचे महिने फुकट? पोरी, अख्खा उन्हाळा तिने अंथरुणातून मला शिव्या घातल्यात! जन्मात घातल्या नव्हत्या तेवढ्या! गाढवाची रीत आहे तुमची."

"असेल गाढवाची. पण आहे ती हीच." डॉक्टरांनी दुधाचं भांडं जवळ ओढलं आणि वास घेतला. "उकळलंय ना?"

"उकळून उतू गेलंय. त्याच तर शिव्या होत्या. कच्चं प्यायलास तर वर आल्यावर तंगडी मोडीन, म्हणायची."

डॉक्टरांनी चहात दूध घातलं, घोटभर प्यायल्या आणि रक्त तपासायला सुई काढली.

"मग तुम्ही निरोगी निघालात की तिचा उन्हाळा तुमच्यात धरला समजा. हात द्या, आके."

तुर्दूने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, बुरुलकानचीच, आणि बाही वर केली.