निषिद्ध म्हणजे प्रसिद्ध नव्हे

मी पाटी बोलतेय. तेरखेड्यातल्या एका फटाक्याच्या कारखान्याच्या दाराशी टांगलेली, पत्र्याची.

माझा जन्म शेजारच्या वाशी गावातल्या एका रंगाऱ्याकडं झाला. तपासणीला साहेब येणार म्हणून कारखान्याचे मालक फकरुद्दीनचाचा धावतपळत आले आणि त्यांनी एक कागद पुढं केला. रंगाऱ्यानं तो जसाच्या तसा लाल अक्षरांत माझ्या अंगावर उतरवला: 'धूम्रपान, भ्रमणध्वनी व ज्वलनशील वस्तू निषिद्ध.' काय माझा रुबाब! साहेब आले, मान डोलावून गेले.

त्यानंतर सहा वर्षं माझ्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. बायका माझ्या खिळ्याला डब्याच्या पिशव्या अडकवत. भ्रमणध्वनी खिशात वाजत वाजत माझ्यासमोरून आत जात. माणसांची ही जुनी खोड आहे. पाटी लावली की काम झालं, असं त्यांना वाटतं.

चाचांची मुलगी तहरीम धाराशिवला मराठी घेऊन बी.ए. झाली. तिला एम.ए. करायचं होतं. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती आणि सोमवारी चाचांनी माझ्यासमोरच नकार दिला.

"मराठी तर नागूबाईलाबी येती. त्याला एम.ए. कशाला? कंप्युटरचा कोर्स कर."

"अब्बा, कंप्युटरला काय सांगायचं हे तरी माणसाला कळायला नको?"

"लई बोलतीस!"

"बी.ए.त तेवढं तरी शिकले."

चाचा फणकारत आत गेले. सुतळी बॉम्ब वळणारी नागूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिच्या कमरेची पिशवी सुटली आणि काडीपेटी खाली पडली.

"नागूमावशी, काडीपेटी घेऊन आत जाता? पाटी वाचली न्हाय का?" तहरीमनं विचारलं.

"वाचली की! चवथी पास हाय म्या. जळणाऱ्या वस्तू परसिद्ध. आपला माल नावाजलेला हाय, तेच लिव्हलंय न्हवं?"

तहरीम पोट धरून हसली. मग एकदम थांबली. तिनं काडीपेटीकडं पाहिलं, आत दारू भरत बसलेल्या बायकांकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मलाही माझ्या लाल अक्षरांची पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आली. पण लगेच लिहायला बसली नाही. आधी एकेका बाईला विचारत फिरली, "ही गोष्ट तुम्ही घरी कशी सांगाल?" दुपारपर्यंत माझं जुनं अंग पुसलं गेलं आणि नवं उमटलं:

'काडीपेटी, बिडी, मोबाईल बाहेर ठेवा. मगच आत या. मालकसुद्धा.'

बुधवारी सकाळी चाचा फोनवर बोलत बोलत दाराशी आले. नागूबाई आडवी उभी राहिली.

"चाचा, पाटी वाचा."

"अगं, मी मालक हाय!"

"व्हय. तुमचंबी नाव हाय त्यात."

आतल्या बायका खिदळल्या. चाचा लालबुंद झाले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच! मग फोन बंद करून गाडीच्या डिकीत ठेवून आले.

"शेवटची ओळ कुणाची?" त्यांनी तहरीमला विचारलं.

"नागूमावशीची. मी फक्त विचारलं आणि लिहून घेतलं."

"कालिजात हेच शिकवत्यात व्हय? लोकांना विचारायला?"

"व्हय अब्बा. आणि मालकाला अडवायलाही."

चाचांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. म्हणाले, "शुक्रवारची वाट कशाला बघायची? उद्याच जाऊ धाराशिवला. मीबी येतो. त्या मास्तरांना एकदा बघायचंय मला."

तहरीम आता एम.ए. करतेय. इकडं नागूबाईचं धाडस वाढलंय. नाकाला बांधायचे मास्क का मिळत नाहीत, असं तिनं परवा विचारलं आणि चाचांना ते आणावे लागले. कळलं की माणूस विचारतो, आणि विचारलं की काहीतरी हलतं. कला शाखेनं पोट भरतं का, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा माझ्यासमोर येऊन उभं राहावं.

ऊन खाऊन माझा रंग थोडा उडालाय, पण मला वाचून सगळे थांबतात. तुम्हीही जिथं जाल तिथल्या पाट्या वाचा. नाही कळल्या तर लाजू नका. सरळ लिहिणाऱ्याला गाठा आणि विचारा, "हे कुणासाठी लिहिलंत?"