रजनीच्या दारातला उंबरठा

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं हे चार बोटं जाड लाकूड दिसतंय ना, तो मी, एक जुना उंबरठा. माझ्यावरचं हळदकुंकू अजून पुरतं गेलेलं नाही. माझी गोष्ट मात्र मंगल नाही.

वडीगोद्रीला भालचंद्र मास्तरांनी १९५४ साली घर बांधलं, ते धाकट्या बहिणीसाठी, रजनीसाठी. रजनीच्या पायांतला जीव दहाव्या वर्षी तापानं गेला. कचरू सुताराने आरामखुर्चीला सायकलची चाकं लावून दिली होती. पण जुन्या घरात ती खुर्ची एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची नाही. मास्तरांनी सुतळीने खुर्ची मापली आणि त्या मापाने दारं रुंद केली. पायऱ्यांच्या जागी उतार केला. पाण्याची घागर बसल्या हाताला येईल अशी ठेवली. समोरच्याच शाळेत पोरींना शिवण शिकवायला बाई हवी होती. रोज आलीस तर जागा तुझी, असं हेडमास्तरांनी रजनीला सांगितलं होतं. तिचा हट्ट एकच होता, "दादा, मला कुणी उचलायचं न्हाई. मी माझी जाईन."

वास्तुशांतीला आठ दिवस उरले आणि रमाबाई, म्हणजे त्यांची आई, दारात थबकल्या.

"अगं बाई! उंबरा कुठंय? बिनउंबऱ्याचं घर ऱ्हातं का कुठं? वैशाखात तुझं लगीन. नवी नवरी माप कशावरून लवंडणार?"

"आई, रजनीची खुर्ची अडंल ना."

"चार बोटांचा तर उंबरा! तू हाईस की उचलायला."

मास्तरांनी मान डोलावली. इथंच चुकलं. कचरूने मला बाभळीतून तासलं, बसवलं, आणि मी आपला खुशीत! नवी नवरी उषा आली, माप लवंडलं, माझ्यावर तांदूळ सांडले. बायका म्हणाल्या, कसा शोभतोय! मी फुशारलो. मागे रजनीची खुर्ची माझ्याशी येऊन थांबली होती, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

पहिले दोन महिने मास्तर रोज सकाळी तिला खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवत. मग त्यांची बदली अंबडला झाली, उषाही त्यांच्याबरोबर गेली. रमाबाईंच्या हातात तेवढा जोर नव्हता, आणि वयात आलेल्या पोरीला परक्याने कसं उचलायचं? रजनीचे खाडे पडू लागले.

"आई, एवढा उंबरा काढ की गं."

"काढू, बाई. पहिल्या दिवाळीच्या आत काढला तर अपशकुन व्हतो. दिवाळी तर होऊ दे."

दिवाळी झाली. मग संक्रांत होऊ दे, असं ठरलं.

पौषातल्या एका सकाळी हेडमास्तरांचा निरोप आला, की आज आली नाहीस तर दुसऱ्या बाई बघाव्या लागतील. रमाबाई विहिरीवर गेल्या होत्या. रजनीने खुर्ची भिंतीपर्यंत मागे घेतली आणि जोरात माझ्यावर आणली. मित्रांनो, मला एवढंसं खाली दबता आलं असतं तर! पुढची चाकं अडली, खुर्ची उलटली. तिचं कपाळ माझ्यावर आपटलं आणि उजवा हात तिच्याच अंगाखाली मोडला. तो जुळला, पण वाकडा. सुई धरवेना. शाळेत दुसऱ्या बाई आल्या.

मग रमाबाईंनी स्वतः कचरूला बोलावलं. कचरूने पहार घातली तेव्हा त्या रडत होत्या. "जल्दी काढ रे, बिलकुल ठेवू नकोस." मी निघालो. माझ्या जागी सपाट फरशी आली.

"रजने, जा आता. वाट मोकळी केली बघ."

"आता कुठं जाऊ, आई?" एवढंच ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी घर बांधाल, तेव्हा जे माणूस त्या दारातून रोज जाणार आहे त्याला आधी विचारा. ते नको म्हणालं, तर माझ्यासारख्याला कितीही मान असला तरी बसवू नका.

मला काढून आज चार वर्षं झाली. इथून मला दार समोर दिसतं. रमाबाई रोज सकाळी त्या फरशीवर ऐन मध्यभागी रांगोळी काढतात. खुर्चीच्या चाकाने ती फिसकटावी, म्हणून मुद्दाम तिथंच काढतात. दिवे लागले की वाकून बघतात. रांगोळी जशीच्या तशी असते.