विद्याची शीर

हरिलालच्या दुकानातला फोन वाजला तेव्हा इंद्राणी तांदूळ घेत होती. प्लेन मान्येन गावच्या त्या वस्तीत फोन तेवढाच. हरिलालने ऐकलं आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. नवरा गोवर्धन पॅरिसहून फक्त रविवारी फोन करायचा. आज बुधवार होता. तिने तांदळाची पिशवी खाली ठेवली.

त्यांच्या चार वर्षांच्या विद्याचं यकृत जन्मापासून खराब होतं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. १९८७ साली मॉरिशसमध्ये त्यावर इलाज नव्हता, म्हणून बाप तिला घेऊन पॅरिसला गेला. इंद्राणीला नववा महिना लागलेला, विमानात घेईनात. सोमवारी तिथे एका मृत माणसाच्या यकृताचा तुकडा विद्याला बसवला होता.

“इंद्राणी, शिरेत गुठळी झालीय,” गोवर्धन म्हणाला. “पुन्हा पोट उघडायचं म्हणतात. माझ्याच्याने सही होत नाही. मो पेर,” तो क्रिओलवर आला, “फार भीती वाटतेय. टेबलावरच गेली तर?”

“डॉक्टरांना द्या फोन.”

इंद्राणी क्युरपिपच्या शाळेत फ्रेंच शिकली होती. डॉक्टर सावकाश बोलले. “यकृताकडे रक्त नेणारी तिची शीर फार बारीक आहे. नवा तुकडा मोठ्या माणसाचा, त्याची शीर रुंद. आम्ही दोन्ही टोकं जोडली, पण सांध्यावर ताण आला आणि रक्त गोठलं. आता बारीक भाग काढून मध्ये दुसऱ्या शिरेचा तुकडा शिवायचाय. त्याच दात्याच्या शरीरातली शीर आम्ही जपून ठेवलीय.”

“टिकेल?”

“सांगता येत नाही. पण थांबलो तर मुलगी हातची जाईल.”

इंद्राणीने काउंटर घट्ट धरला.

“करा,” ती म्हणाली. मग फोन परत गोवर्धनच्या हाती आल्यावर म्हणाली, “अहो, सही करा. काही झालं तरी मी तुम्हाला कधी बोल लावणार नाही.”

लाइन तुटली.

ती घरी गेली नाही. हरिलालने स्टूल दिलं, पाणी दिलं. फोन वाजला, विमानतळावरून कुणाला तरी कामावर बोलावत होते. परत वाजला, उसाच्या लॉरीची चौकशी. दर वेळी ती स्टुलावरून उठे. पोरीला मीच पुन्हा सुरीखाली पाठवलं, हा विचार आला आणि ती उठून बाहेर उसाच्या शेताच्या कडेपर्यंत गेली. इथवर फोन ऐकू येणार नाही, याचं बरं वाटलं. मग आपण नसताना फोन आला तर, या भीतीने धावतच परतली.

दिवेलागणीला पॅरिसचा फोन आला.

“तुम्हीच घ्या, भाऊ,” ती हरिलालला म्हणाली.

हरिलाल बराच वेळ ऐकत राहिला. “वहिनी, शिरेतून रक्त नीट वाहतंय. यकृताचा रंगही परतला म्हणे.”

तिला खरं वाटेना. तिने रिसीव्हर हिसकावला. पलीकडे गोवर्धन नुसता रडत होता.

पुढच्या आठवड्यात तिला मुलगा झाला, पण त्याला पाजतानाही तिचा कान दुकानाकडेच असे. सांधा टिकला. काही महिन्यांनी विद्या विमानतळाच्या दारातून चालत आली, डोळे पांढरेशुभ्र. इंद्राणी तिला उचलायला वाकली आणि थांबली. दोनदा चिरलेल्या त्या अंगाला कुठे हात लावावा, तिला कळेना. शेवटी विद्यानेच तिच्या गळ्याला मिठी मारली.