सहावी भेट

सरकारला बाळंतिणीची फार काळजी. खोटं नाही सांगत, माझं घर त्या काळजीवरच चालतं. मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. किती ते विचारू नका, मला सांगायला लाज वाटते आणि तुम्हाला ऐकायला वाटेल.

आमच्या योजनेचं नाव घरभेट. पैसे सरकारचे, कारभार संस्थेचा आणि पाय आमचे. आम्ही बारा ताया. पहिलटकरणीच्या घरी सहा वेळा जायचं, दोनदा बाळ व्हायच्या आधी आणि चारदा नंतर. दूध नीट पाजते का, झोप मिळते का, उगाच रडू येतं का, घरात आधार कुणाचा आहे, हे सगळं बसून विचारायचं. योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकते. साताऱ्याहून लग्न करून कोपरखैरण्याला आले, पहिली मुलगी झाली, तेव्हा मला कुणी येऊन ‘अरुणा, तुला झोप लागते का?’ एवढं विचारलं असतं, तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. भेट झाली की टॅबवर फोटो काढायचा. फोटो काढताना तुम्ही कुठे आहात ते टॅबला कळतं. नोंदवलेल्या पत्त्यावर असाल तर हिरवी खूण, नसाल तर लाल. आणि नोंदवलेला पत्ता कुठला? आधार कार्डावरचा, म्हणजे सासरचा. तुम्हीच सांगा, पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे मुलगी सासरी बसते का? पत्त्याचा हा नियम ज्या कुणी केला, त्याला बहीण नसावी.

बहुतेक जणी सव्वा महिन्यात, दोन महिन्यांत परत येतात, म्हणून आमचं निभायचं. मनस्वीचं निभेना.

मनस्वी तेवीस वर्षांची. सासर दिवाळे गावात, खाडीच्या काठाला. सासू दुर्गाबाई पहाटे उठून मासळी घेऊन बेलापूरच्या बाजारात बसते. नवरा दिपेश बंदराकडच्या कंटेनर यार्डात, पाळीवर. घरात सासरे, दोन दीर आणि सुकत घातलेली मासळी. माणसं वाईट नाहीत, पण त्या घरात बाई बसलेली मी कधी बघितली नाही. मनस्वीचं सिझेरियन झालं. टाके चिघळले, दूध उतरेना, आणि दवाखान्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिथून जासईला माहेरी गेली तेव्हा दोन वाक्यंसुद्धा बोलत नव्हती.

तिची आई काशी जासईच्या शाळेत खिचडी शिजवते. दुपारी घरी आली की लेकीला तेल लावायची, शेक द्यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. मी तिसऱ्या भेटीला गेले तेव्हा मनस्वी गप्प होती. चौथीला तिनं चहा विचारला. पाचवीला बाळाच्या नाकावरून भांडली माझ्याशी, म्हणाली नाक माझ्यासारखं आहे, त्यांच्यासारखं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी बसथांब्यापर्यंत चालत गेले, रिक्षासुद्धा केली नाही. कंटेनरचे ट्रेलर अंगावर धूळ उडवत जात होते, तरी. तिन्ही भेटींना टॅबवर लाल खूण पडली ती वेगळी गोष्ट.

काशीनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. “तीन महिने पुरे झाल्याशिवाय पोरीला नाय धाडनार. वल्ली बालंतीन हाय ती. तिकडं गेली का दुसऱ्या दिवशी चुलीपुढं उभी राहील.”

मग मार्च आला. आमचे प्रकल्प समन्वयक नंदकुमार सर. माणूस गोड, आवाज त्याहून गोड. त्यांनी मला वाशीच्या ऑफिसात बोलावलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला. दोनशे आयांपैकी एकशे नव्व्याण्णव पूर्ण.

“अरुणाताई, पुढच्या दोन वर्षांचा निधी यावर आहे. वर शंभर टक्के मागितलेत.”

“सर, मी पाच वेळा गेले ना तिच्याकडे.”

“आधीच्या लाल खुणांना मी टीप लावलीय, त्या चालतील. शेवटची भेट मात्र घरीच हिरवी पाहिजे. एकतीस तारखेच्या आत.”

“ती घरीच आहे सर. आईच्या घरी.”

“ते आपल्याला माहीत आहे हो,” सर म्हणाले. “टॅबला कुठे माहीत आहे?”

आता खरं सांगायचं तर मी नाही म्हणायला हवं होतं. तीन महिने पुरे व्हायला अजून पाच आठवडे होते. पण बारा जणींची पोटं त्या एका खुणेवर होती. त्यातली एक विधवा, दोघींचे नवरे घरी बसलेले. आणि आणखी एक सांगते, पटलं तर बघा. दोनशेपैकी जी एक उरली ती माझी, हे मला खुपत होतं. माझी एकही आई आजवर अपूर्ण राहिली नव्हती. गर्वाचं घर खाली, म्हणतात ते काही खोटं नाही.

मी जासईला जाऊन काशीसमोर बसले आणि सांगितलं, एका तासाचं काम आहे. रिक्षानं न्यायची, दिवाळेतल्या घरासमोर रिक्षातच बसून फोटो काढायचा आणि रिक्षानंच परत आणायची. काशीनं नकारार्थी मान हलवली. तिला जे वाटत होतं ते मला माहीत होतं. आमच्या साताऱ्याकडेही तेच आहे. माहेरी बाळंत झालेली सून बाळाला घेऊन सासरी यायची तर दिवस बघतात. दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात आणि मग आत घेतात. आणि एकदा तुकडा ओवाळून आत घेतली की ती घरी आली. तिला बाळासकट परत माहेरी धाडणं म्हणजे घरात काहीतरी बिनसलं, असं गाव समजतं.

“उंबऱ्याच्या आत नको,” काशी म्हणाली.

“रिक्षातून उतरणारसुद्धा नाही ती.”

“मी शालेवर जाते, मना येवाला नाय जमनार. तुमच्या शब्दावर सोडते, ताई.”

मनस्वी म्हणाली, “आई, तासाभराचं तर काम आहे.” माझ्यावर विश्वास ठेवून ती हसत रिक्षात बसली. बाळाला तिनं पिवळं टोपडं घातलं होतं.

दिवाळे गावात पोचलो. घर समोर दिसत होतं. मी रिक्षा थांबवायला सांगितली, फोटो काढला आणि टॅबवर हिरवी खूण आली. एवढ्यावर मी रिक्षा वळवायला हवी होती. पण सहाव्या भेटीच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना असतो, घरातील जबाबदार व्यक्तीची सही. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मग मी काय केलं? माझ्याच तोंडानं हाक मारली.

“दुर्गामावशी, जरा सही द्या.”

दुर्गाबाई नुकती बाजारातून आली होती. तिनं रिक्षाकडे बघितलं, सुनेला बघितलं, पिवळं टोपडं बघितलं आणि आत गेली. मला वाटलं चष्मा आणायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हातात तांब्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आतापर्यंत दोनदाच बघितली होती तिनं नात, एकदा दवाखान्यात, एकदा बारशाला.

मी म्हणाले, “मावशी, थांबा, आम्ही लगेच निघतोय.”

“घरची लक्ष्मी दारात आली, तिला दारावरून परत धाडू?” ती म्हणाली.

शेजारच्या बायका जमल्या. दुर्गाबाईनं रिक्षातच तुकडा ओवाळला, पाणी टाकलं, मनस्वीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि आत निघून गेली. मनस्वीनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती. माझ्या हातात टॅब होता आणि सही अजून व्हायची होती. मग ती उतरली, टाक्यांवर हात दाबून, आणि बाळामागे आत गेली.

सही दुर्गाबाईनं नंतर दिली. मलाही पेढा दिला.

जासईला मी एकटीच परत गेले. काशी मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कोपऱ्यातलं बाळाचं अंथरूण घडी करून ठेवलं आणि म्हणाली, “तुमी काम केलंत तुमचं.” मी ते कधी विसरायची नाही.

चौथ्या दिवशी मी दिवाळे गावात गेले, टॅब न घेता. मनस्वी चुलीपुढे होती, काशी म्हणाली होती तशीच. बाळ आजोबांच्या मांडीवर रडत होतं. दुर्गाबाईला मी परोपरीनं सांगून बघितलं, पोरीला महिनाभर तरी माहेरी राहू द्या. ती चिडली नाही.

“मुहूर्त बघून आमी आनली असती, तर तुमचा ऐकला असता. तुमी सरकारी मानूस, तुमी आनून सोडलीत. आता कुठल्या तोंडानं परत धाडू? गाव बोलंल सासूनं हाकलली.”

दिपेश दारात बूट घालत होता. “आई बोलते ते बरोबर आहे, ताई,” तो म्हणाला आणि पाळीवर गेला. मनस्वीनं मला चहा विचारला नाही.

मी नंदकुमार सरांना म्हणाले, मला हिच्याकडे आणखी जायचंय, दर आठवड्याला. त्यांनी टॅब उघडून दाखवला. मनस्वीच्या नावापुढे ‘लाभार्थी पूर्ण’ असं आलं होतं. सातव्या भेटीला जागाच नव्हती. “आता नवीन आयांकडे लक्ष द्या ना,” सर म्हणाले. तरी दर गुरुवारी दुपारी मी जाते. तेल घेऊन जाते. ती पाठ करून बसते, मी लावते. फार बोलत नाही ती.

निधी मिळाला, दोन वर्षांचा. आणि आम्हा बारा जणींचं काम राहिलं, ते नाकारून मला ढोंग करायचं नाही. जूनमध्ये वाशीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शंभर टक्के घरभेटींसाठी मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. एका आईनं मनोगत सांगायचं होतं, आणि सरांनी निवडली मनस्वी, कारण दोनशेवी ती. ऑफिसातल्या अस्मितानं तिला चार ओळी लिहून दिल्या होत्या. दुर्गाबाई बाळाला घेऊन पुढे बसली होती, नव्या साडीत. काशीला बोलावणं नव्हतं. तिचा पत्ता आमच्याकडे नोंदवलेलाच नाही.

मनस्वीनं कागद वाचला. घरभेटीमुळे मला बाळाची काळजी कशी घ्यायची ते समजलं, वगैरे. तिनं कागदाची घडी केली आणि मान वर केली.

“अरुणाताई आल्या नसत्या,” ती म्हणाली, “तर मी अजून माझ्या आईकडे असते.”

नंदकुमार सरांनी पहिली टाळी वाजवली. मग अख्ख्या हॉलनं वाजवल्या, आणि दुर्गाबाईनं बाळाचे हात धरून बाळाच्याही वाजवल्या. अंगावर शाल घेऊन मी उभी होते. ती काय बोलली ते त्या हॉलमध्ये मला एकटीला कळलं होतं, आणि तरी माझे हात टाळ्या वाजवत होते. मनस्वी माइकसमोरून हलली नाही. तिला अजून काही सांगायचं होतं. पण वेळ झाली होती, निवेदिकेनं आभार मानले आणि माइक काढून घेतला.