व्हरांड्याची काच

धाकट्या जावेने घराला रंग लावला, त्याला माझी हरकत नव्हती. तिने तो बरोबर अर्ध्यावर थांबवला, त्याला होती.

आमचं घर एक, दारं दोन. सासऱ्यांनी बांधतानाच दोन मुलांचे दोन भाग केले, मध्ये भिंत घातली आणि पुढच्या व्हरांड्यालाही कमरेएवढा कठडा घालून त्याचे दोन तुकडे केले. डावीकडे आम्ही, उजवीकडे दीर आणि ती. इतकी वर्षं दोन्ही बाजू सारख्याच मळकट होत्या, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिने आपली बाजू फिकट पिवळी केली आणि आमची बाजू एकदम कळकट दिसायला लागली. आमच्या भिंतीला बोटही न लावता बाईने आमची भिंत घाण केली. अशी हुशारी मला जन्मात जमायची नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "डोळ्यांना जरा टोचतो, एवढंच."

"उन्हाने उतरेल हो, ताई," ती म्हणाली. नेहमी गोडच बोलते. भांडली असती तर माझं निम्मं दुखणं कमी झालं असतं.

रंगाचं मी एक वेळ गिळलं असतं. पण तिने व्हरांड्यात पाठीचा लाकडी बाक आणून ठेवला, बाजूला दोन कुंड्या मांडल्या, आणि तिसऱ्या दिवशी बघते तर बाकावर सासूबाई!

सासूबाई आमच्याकडे राहतात. मी या घरात आले तेव्हापासून. त्यांची औषधं, डोळ्यांत घालायचे थेंब, मऊ भात, सगळं माझ्याकडे. मी कुरकुरते, नाही असं नाही. दिवसातून दोनदा तरी कुरकुरते. पण "आजी मोठीकडे असतात" असं गल्ली म्हणते ना, ते ऐकलं की मला बरं वाटतं. दुपारभर त्या आमच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबायचा. पोस्टमन, कोपऱ्यावरचा टेलर, शाळेतून परतणाऱ्या बाई. "काय आजी, जेवण झालं का?" झालं असलं तरी तो विषय त्यांना अर्धा तास पुरायचा. पत्ता सांगतानासुद्धा लोक "आजी बसलेल्या असतात ते घर" असं सांगायचे. ते घर म्हणजे आमची बाजू.

"पाठीला जरा बरं वाटतं ग त्या बाकावर," सासूबाई म्हणाल्या.

पाठीला बरं वाटतं, मान्य. पण पाठीला बरं वाटलं म्हणून माणूस एवढं हसतं का? त्या आणि धाकटी कशावर तरी खिदळत होत्या आणि मी आत भाजी निवडता निवडता चांगल्या शेंगा टाकून देत होते. माझ्याशी बोलताना त्या अशा हसल्याचं मला आठवेना. मी काही फार विनोदी बाई नाही, हेही खरंच. पण थेंब मी घालायचे आणि हसायचं तिच्याबरोबर, हा कुठला न्याय?

"अग, बाकच आहे तो," आमचे हे म्हणाले. "आपणही आणू एक."

"म्हणजे गल्ली म्हणायला मोकळी, मोठीने नक्कल केली."

"मग काय महाल बांधू?"

महाल नको होता. तिने बघावं आणि घास घशात अडकावा, एवढंच मला हवं होतं.

काचवाला आला, त्याने माप घेतलं आणि काचेचे तीन तुकडे उन्हात धरून दाखवले. एक साधी, एक धुरकट, एक काळी. "ही काळी घ्या," तो म्हणाला. "आतून रस्ता स्वच्छ दिसतो. बाहेरून दिवसा नुसता आरसा."

"म्हणजे आपण सगळ्यांचं बघायचं आणि आपलं कुणाला दिसायचं नाही?"

"अगदी बरोबर, ताई."

आणखी काय हवं माणसाला! व्हरांडा पुढून काचेने बंद करायचा ठरला, कठड्यावरही काच, म्हणजे धाकटीचं तोंड बघायला नको. काचेखाली दगडी फरशा, पांढऱ्या चौकटी.

"मला वारा येईल ना ग?" सासूबाईंनी विचारलं.

"वर झडप ठेवलीय, आई. धूळ नाही, माश्या नाहीत. राणीसारख्या बसा."

काम झालं आणि गल्ली खरोखर थांबली. एक स्कूटरवाला पुढे गेला होता, तो मागे वळून बघून गेला. धाकटी रस्त्यावर उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "खूपच सुंदर झालंय, ताई." हसलीही, पण जरा उशिरा हसली. त्या उशिरासाठीच मी सगळा खटाटोप केला होता. जेवण गोड लागलं मला त्या दिवशी.

दुसऱ्या दुपारी सासूबाई काचेमागे आपल्या खुर्चीत बसल्या. पोस्टमन आला, काचेसमोर थांबला. सासूबाईंनी हात वर केला. त्याने मिशी सारखी केली आणि गेला. मग टेलर आला. त्याने तिरकं उभं राहून, पोट आत घेऊन बघितलं. शाळेच्या बाईंनी तर दात तपासले. सासूबाईंना पहिल्या दिवशी हसू आवरेना. मीही हसले. चला, म्हटलं, आमच्याकडेही करमणूक आहे.

मग त्या हसायच्या थांबल्या. "मी हाक मारली पोस्टमनला," त्या एकदा म्हणाल्या. "त्याने इकडेतिकडे बघितलं, भांग नीट केला आणि गेला."

"दार उघडून ठेवते."

"ते उन्हाच्या बाजूला आहे ग, किती वेळ बसू?" थोडा वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "मला वाटतं मी गेलेच आहे. आणि इथून बघतेय सगळ्यांना."

"काहीतरीच बोलता, आई."

"मी थोडे दिवस पलीकडे राहते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जा ना. बाक आहे तिकडे. मी काय, मी नुसतं केलं इतकी वर्षं."

"बाकासाठी नाही ग."

"मग तिच्यासाठी?"

त्या खुर्चीतून उठल्या. यांनी कपड्यांची पिशवी उचलली, मी औषधांची दिली. थेंब कोणत्या डोळ्यात घालायचे ते सांगितलं नाही. विचारेल धाकटी, तिला एवढं प्रेम आहे तर. यांनी खुर्चीला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "खुर्ची आपली आहे, इथेच राहील." यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच मान फिरवली.

आता दुपारी मी त्या खुर्चीत बसते. धाकटीचं तोंड दिसू नये म्हणून कठड्यावर काच बसवली, आणि ती अशी की मलाच सगळं दिसतं. काल पोस्टमन तिकडे थांबला. "आजी, होतात कुठे? मला वाटलं गावाला गेलात." टेलरही आला. धाकटी थेंब घालत होती. पुसायला मऊ कापड घ्यावं लागतं, हिने पदरच लावला. मला उठून सांगावंसं वाटलं. उठले नाही. पलीकडच्या त्या पिवळ्या भिंतीपुढे त्या दोघी अशा काही शोभत होत्या की माझा नुसता जळफळाट झाला.

थोड्या वेळाने सासूबाई बाकावरून उठल्या. भिंतीला धरत पायरी उतरल्या, आमच्या बाजूला आल्या आणि थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मध्ये फक्त काच. डोळ्यांवर हात धरून आत बघायला लागल्या. त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं आणि त्यांना स्वतःशिवाय काही दिसत नव्हतं. मग त्यांनी बाजूला होऊन दारावर बोटाने टकटक केलं.

"अग, आहेस का? चहा टाकलाय तिने. ये ना."

वरची झडप उघडी होती, शब्द न् शब्द ऐकू आला. मी हलले नाही. इतक्या दिवसांत आज आठवण झाली का माझी? वाजवा आणखी एकदा. दोनदा वाजवा. मला हवं होतं तसं.

"असतील हो आतच, आई," बाकावरून धाकटी म्हणाली. "बसून बघत असतील आपल्याकडे."

सासूबाई वळल्या. "छे ग. मी हाक मारली आणि ती उठली नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. आत असती तर आली असती."

आणि भिंतीला धरत धरत त्या परत गेल्या.

मी उठायला हात टेकले. पण आता दार उघडलं तर मी आतच होते हे त्यांना कळलं असतं. वेताची खुर्ची करकरते, म्हणून त्यांचा चहा संपेपर्यंत मी तशीच अर्धवट उठलेली, श्वास रोखून राहिले.