अडतीस टन

जहाजाच्या पोटात, पाण्यापासून थोडं वर, एक लोखंडी दार आहे. प्रवाशांच्या ते कधी नजरेस पडत नाही. तेल भरायच्या दिवशी तेवढं उघडतं आणि खाली तेलाची बार्ज, म्हणजे टाक्यांनी भरलेली सपाट बोट, येऊन लागते. त्या सकाळी बार्जवर पंप सांभाळायला जो माणूस उभा होता, तो जहाजावरच्या सेकंड इंजिनिअर बाईंचा सख्खा थोरला भाऊ. सात महिन्यांनी दोघं समोरासमोर आली होती.

"वाळलीस," तो खालून म्हणाला.

"तू मात्र सुटलायस, दादा," ती वरून म्हणाली.

एवढ्यावरच बोलणं आवरलं, कारण काम पडलं होतं. जहाजात सगळं मिळून चोवीसशे टन तेल मावायचं आणि रोजचं सव्वाशे टन जळायचं. धक्क्याकडच्या टाक्या भरलेल्याच होत्या. आज समुद्राकडच्या चार टाक्यांत नऊशे टन घ्यायचं होतं, आणि जहाज कलू नये म्हणून त्या बाजूला तोलासाठी भरलेलं पाणी तेवढंच बाहेर सोडत जायचं होतं. तिने आधी बार्जवर उतरून भावाच्या टाक्या स्वतः वजन लावलेला मापाचा टेप आत सोडून मोजल्या, मग आपल्या मोजल्या. मनगटाएवढ्या बोल्टांनी होज, तेलाचा जाड रबरी पाइप, जोडला गेला आणि पंप सुरू झाला. वरच्या मजल्यांवर दोन हजार माणसं नाश्ता करत होती. पायाखाली काय चाललंय, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

तीन तासांनी पंप थांबला. बार्जच्या टाक्या पुन्हा मोजल्या. नऊशे टन गेलं होतं, बरोबर. जहाजाच्या टाक्या मोजल्या, तर आठशे बासष्ट.

तिने पुन्हा टेप सोडला. आठशे बासष्ट. गरम तेल फुगतं म्हणून तापमान पुन्हा घेतलं. तेही नीट धरलेलं होतं. तेलात हवा मिसळून फेस झाला की आकडा फसवतो, म्हणून थोडं थांबून पाहिलं, फेस नव्हता. होज गळत नव्हता. दोन्हीकडचं माप तिनेच घेतलं होतं, तिच्याच डोळ्यांनी. मग मधल्या मधे अडतीस टन गेलं कुठे? तिला स्वतःच्याच बोटांचा भरवसा वाटेना.

चीफ इंजिनिअर येऊन कागद बघून गेले. "बार्जवाला तुमचा भाऊ ना?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यात संशय होता की नुसती चौकशी, हेही तिला कळेना. पण ते वाक्य डोक्यात बसलं.

ती दारापाशी आली. "दादा, मधेच तुझ्याच एखाद्या दुसऱ्या टाकीत तेल वळवलं तर नाहीस ना?"

त्याने मान वर केली. "तू विचारतेयस?"

"कामाचं विचारतेय."

"मग कामाचंच सांगतो. नाही वळवलं. ये आणि सगळ्या टाक्या उघडून बघ."

ती उतरली. एकेक झाकण उघडून बघितलं. रिकाम्या टाक्या रिकाम्याच होत्या. तो शेजारी बॅटरी धरून उभा होता, पण एक शब्द बोलत नव्हता. लहानपणी रागावला की असाच गप्प व्हायचा. आता तिला दुहेरी कोडं पडलं, तेलाचं आणि भावाचं.

वर परत चढताना त्यानेच हाक मारली. "अगं, तुमचं जहाज असं तिरकं का उभंय?"

"तिरकं कुठे?"

"तुला आतून काय दिसणार. ती लाल पट्टी बघ. सकाळी पाण्याला टेकली होती. आता हातभर वर आलीय."

तिने वाकून पाहिलं. खरंच होतं. मग तिची नजर पुढे गेली. जहाजाच्या पुढच्या भागात, याच बाजूला, सरावासाठी लाइफबोटी पाण्यात सोडल्या होत्या. एवढं वजन एका अंगाने कमी झाल्यावर जहाज धक्क्याकडे कललं होतं. टाकीत टेप सोडायची नळी बाहेरच्या कडेला. तेल आतल्या अंगाला सरकलं की तिथे कमीच दिसणार. आणि मोजताना तिने कल सकाळचाच धरला होता, शून्य.

बोटी वर घेईपर्यंत तासभर थांबावं लागलं. मग तिने चौथ्यांदा टेप सोडला. आठशे नव्व्याण्णव. चीफ साहेबांनी मान डोलावून सही केली.

ती पुन्हा दाराशी आली. शेजारी चार खलाशी उभे होते, तरी ती मोठ्याने म्हणाली, "दादा, माझी मोजणी चुकली. तुझं माप बरोबर होतं."

"समजलं," तो बोल्ट सोडवत म्हणाला. "होज वर ओढून घ्या."

त्या 'समजलं'मध्ये राग उरला होता की नाही, तिला काही ठरवता येईना. दोर सुटले, बार्ज हळूहळू मागे सरकायला लागली, आणि मग तो पाठमोराच ओरडला, "आईला फोन करत जा. ती मला विचारत बसते."

"करते," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं असेल का, कुणास ठाऊक. खलाशांनी दार लावून घेतलं.